तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेतला डॉक्टर आणि उवा बघणारी नर्स

मी इंग्लंडात ब्रॅडफर्डला म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये काम करते हे कळलं की गावाकडचं कुणी ना कुणी विचारतंच, काय गं, तिकडे पूर्वी शाळेतच दात, डोळे, औषधं सगळं फुकट व्हायचं म्हणे, ते एनएचएसमुळेच (तिथली सरकारी फुकट आरोग्यसेवा) ना, मग आपल्याकडे का नाही झालं? दरवेळी फोनवर अर्धवटच सांगून होतं, म्हणून इथे लिहिते.

तर एनएचएसमुळे नाही. एनएचएस आली जुलै 1948 ला, ही भानगड त्याच्या चाळीस वर्षं आधीची. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी सैन्यात भरती करायला गेले तर पोरं इतकी किडकिडीत निघाली की सरकारचं धाबं दणाणलं, कमिटी बसली आणि 1907 ला कायदा झाला की शाळेत मुलांची तपासणी करायचीच. म्हणजे मुलांच्या मायेपेक्षा सैन्याची काळजी जास्त, असं आपलं माझं मत. ब्रॅडफर्ड त्याच्याही पुढे होतं. इथे 1893 लाच शाळांसाठी डॉक्टर नेमला होता, आणि 1907 ला डॉ. राल्फ क्राउली यांनी गरीब घरच्या मुलांना शाळेत नाश्ता नि जेवण देऊन त्यांची वजनं केली. खाऊ घातलं तेव्हा वाढली, सुट्टी लागली की उतरली. अजून काय पुरावा पाहिजे?

1944 च्या कायद्याने नुसती तपासणी नाही तर उपचारही फुकट झाले, आणि गंमत म्हणजे एनएचएस आल्यावरसुद्धा हे खातं 1974 पर्यंत नगरपालिकेच्या शिक्षण विभागाकडेच राहिलं. आमच्याकडच्या आज्जी-आजोबांचं बालपण याच काळातलं, त्यामुळे चहाच्या वेळी विषय काढायचा अवकाश की सुरू होतात. उवा बघणारी नर्स सगळ्यांना आठवते. वर्गाबाहेर रांग, डेटॉलच्या वाटीत बुडवलेली स्टीलची फणी, एकेकाचं डोकं खिडकीच्या उजेडाला धरायचं, आणि काही सापडलं की आईच्या नावाची चिठ्ठी हातात. आता चिठ्ठी कुणाला मिळाली हे वर्गाला कळायला कितीसा वेळ लागतो, तुम्हीच सांगा. तसंच ते जांभळं औषध, तोंडावर फोड आले की क्लिनिकमध्ये जेंशन व्हायोलेट फासायचे आणि मग ते पोर आठवडाभर जांभळ्या गालाने हिंडणार, कुणी शेजारी बसायला तयार नाही. एक आज्जी आहेत ऐंशीच्या पुढच्या, त्या अजूनही ते सांगताना गालावर हात ठेवतात.

लाज हा या सगळ्याचा मोठा दोष होता असं मला वाटतं, आणि लाजेपोटी लपवाछपवीही आलीच. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने शहरातली मुलं खेड्यात पाठवली तेव्हा यजमानीण बायकांनी उवांवरून आकांत मांडला, मग केनेथ मेलनबी नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने मोजून दाखवलं की शाळेच्या रजिस्टरात आहे त्यापेक्षा उवा कितीतरी जास्त मुलांना आहेत.

पण चांगलं होतं ते खरंच चांगलं होतं. 1946 पासून प्रत्येक मुलाला शाळेत रोज पाव लिटरला थोडं कमी दूध फुकट, थंडीत बाटलीत गोठलेलं. 1953 नंतर तेराव्या वर्षी बीसीजी, त्याआधी क्षयाची चाचणी म्हणून कोपराखाली हातावर सहा सुयांचा ठसा, आणि 1962 पासून पोलिओची लस साखरेच्या खड्यावर. डोळे, कान, टॉन्सिल, बोबडं बोलणं सगळ्याला वेगळं क्लिनिक. फक्त दातांचं घोडं अडलं, कारण एनएचएसमध्ये दंतवैद्यांना पैसे जास्त मिळायला लागले आणि शाळेची नोकरी सोडून कितीतरी जण तिकडे गेले, राहिले त्यांच्याकडे काढायचे दात एवढे की भरायला वेळच नाही. दात काढताना गुंगीसाठी लावायचे त्या गॅसच्या मास्कचा रबरी वास ज्यांनी घेतलाय ते आजोबा आजही डेंटिस्ट आला की तोंड मिटून बसतात.

राहिलं आपल्याकडचं. मुळात आपल्याकडे काहीच झालं नाही हे खोटं आहे. बडोद्यात 1909 लाच शाळेतल्या मुलांची डॉक्टरी तपासणी झाली होती, सयाजीरावांच्या राज्यात, म्हणजे इंग्लंडच्या कायद्यानंतर जेमतेम दोन वर्षांत. मेडिकलच्या पोरांना विचारा, पाठ असतं त्यांना. फरक पडला तो तपासणीच्या पुढे. माझ्या भाच्याच्या शाळेत शिबिर झालं, कार्डावर 'चष्मा आवश्यक' लिहिलं, फोटो निघाले, आणि कार्ड दप्तरात तसंच राहिलं, आईला कळलं सहामाहीनंतर. इथे तसं झालं असतं तर नर्स घरी येऊन दार वाजवायची, का आणलं नाही पोराला क्लिनिकमध्ये म्हणून, आणि क्लिनिक चालत जाण्याइतकं जवळ असायचं. तेवढ्यासाठी पगारी माणसं लागतात, कायमची.

आता इथेही ती नर्स नाही बरं का. एकेका नर्सकडे कितीतरी शाळा असतात, उवांसाठी घरी मेसेज येतो, तुमच्या मुलाचं डोकं तुम्हीच बघा.