नाकाचं पंचांग

सकाळी अंथरुणातून उठायच्या आत सलग सात-आठ शिंका आल्या, की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "सर्दी झाली वाटतं." खरी सर्दी आठ-दहा दिवसांत गाशा गुंडाळते. तीच महिनाभर मुक्काम ठोकून बसली, नाकातून नुसतं पाणी गळत राहिलं, ताप नाही, अंगदुखी नाही, पण डोळ्यांचे कोपरे आणि टाळू खाजून जीव नकोसा झाला, तर बहुधा ते हवेतल्या परागकणांचं वावडं असतं.

आता फोनवर तापमानाच्या शेजारी परागकणांचाही अंदाज दिसतो. नेमका 'कमी' दाखवतो त्या दिवशी दुपारपर्यंत तीन रुमाल भिजतात, आणि 'जास्त' असेल तेव्हा नाक अगदी शहाण्यासारखं वागतं. हा आकडा कुठून येतो ते कळलं, की त्याच्यावरचा राग निम्मा ओसरतो.

चार्ल्स ब्लॅकली या मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १८७३ साली परागकण आणि शिंका यांचं नातं पुराव्यानिशी मांडलं. उंचावरच्या हवेत काय आहे हे पाहायला त्यांनी पतंगाला चिकट काचपट्ट्या बांधून वर सोडल्या होत्या. हवेतले परागकण पकडणारं आजचं यंत्र त्याच कल्पनेचा शिस्तशीर वारस. १९५२ साली हर्स्ट या इंग्लिश शास्त्रज्ञांनी ते बनवलं आणि त्याच धर्तीची यंत्रं अजून इमारतींच्या गच्चीवर उभी असतात. मागे शेपटी असल्याने तोंड कायम वाऱ्याकडे. तोंडाशी १४ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर रुंद फट. तिच्यातून पंप मिनिटाला १० लिटर हवा ओढतो. स्वस्थ बसलेला माणूस श्वासातून त्याहून थोडी कमी घेतो. आत एका ढोलावर चिकट पारदर्शक पट्टी गुंडाळलेली असते आणि तो ढोल तासाला २ मिलिमीटर सरकतो. म्हणजे दिवसाची हवा ४८ मिलिमीटरवर उमटते. तो तुकडा कापून काचेवर ठेवायचा, गुलाबी रंग चढवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजत बसायचं. पाइनचा कण दोन फुगे लावल्यासारखा, लगेच ओळखू येतो. गवताचे मात्र सगळे सारखेच: गोल, एका बाजूला एकच छिद्र. म्हणून अहवालात कुठलं गवत ते नसतं, नुसतं 'गवत' असतं. सगळी पट्टी मोजणं शक्य नसतं. ठरावीक ओळी मोजून हिशेब करतात आणि उत्तर येतं दर घनमीटर हवेत इतके कण.

म्हणजे हा आकडा गच्चीवरचा, चोवीस तासांच्या सरासरीचा आणि झालेल्या दिवसाचा. उद्याचा म्हणून जो दिसतो तो हवामान आणि झाडांचे बहर यांवरून बांधलेला अंदाज. शहरात यंत्रच नसेल तर सगळाच अंदाज. नाक मात्र फुटपाथवरून चालतं, कडेच्या न कापलेल्या गवताला घासून जातं. शिवाय एकूण आकडा फसवा असतो. पाइनचा पिवळा थर गाडीच्या काचेवर बोटाने नाव लिहिण्याइतका साचतो, पण त्याचा त्रास क्वचितच कुणाला. उलट गवताचे कण थोडे असले तरी पुरतात.

सर्वांत मोठा घोटाळा नाकाच्या स्मरणशक्तीचा. बहराच्या सुरुवातीला नाक बरंच सोसतं. दोन-तीन आठवडे रोजचा मारा झाला की आतलं अस्तर इतकं चिडतं, की मग आधीच्या मानाने मूठभर कणही पुरतात. अत्तर, धूर, थंड हवा यांनीही शिंका सुटतात. आकडा उतरला तरी नाक उतरत नाही, ते यामुळेच.

दोष मात्र जातो बाल्कनीतल्या गुलाबाला. चोर सोडून संन्याशाला फाशी! रंगीत, सुगंधी फुलांचे पराग जड आणि चिकट असतात; ते किड्यांच्या पायांना लागून जाण्यासाठीच घडलेले. वाऱ्यावर विसंबणारी झाडं, गवतं आणि तणं रंगावर खर्च करत नाहीत. ती कोरडे, हलके कण ढिगाने उधळतात. ज्या फुलाकडे कुणी ढुंकून पाहत नाही, ते बहुतेक वेळा गुन्हेगार.

पावसाचंही तसंच. संथ, लांबलेली सर हवा धुऊन काढते. गडगडाटी वादळ मात्र उलटं करू शकतं: ओले झालेले गवताचे कण फुगून फुटतात आणि आतले बारीक तुकडे थेट फुप्फुसांत पोचतात. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी असंच झालं; हजारो लोकांना दम लागला, दहा माणसं दगावली. दमा असलेल्यांनी बहराच्या दिवसांत वादळ येताना दिसलं की आत जाऊन खिडक्या लावाव्यात, इनहेलर हाताशी ठेवावा.

एरवीचे उपाय साधे आहेत, पण चुकतात बारीकसारीक गोष्टींत. संध्याकाळी हवा थंडावते, तसे दिवसभर वर तरंगलेले कण खाली उतरतात. 'गार वारा येऊ दे' म्हणून नेमकी तेव्हाच खिडकी उघडली जाते. आंघोळ रात्री करावी आणि केसही धुवावेत, नाहीतर दिवसभराचा साठा उशीवर जातो. नाक धुवायला पाव लिटर पाण्यात सव्वादोन ग्रॅम मीठ. साधं पाणी झोंबतं. पाणी उकळून गार केलेलंच हवं, कारण न उकळलेल्या पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. दुर्मीळ, पण जीवघेणा.

डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा स्प्रे दुसऱ्याच दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून बाजूला पडतो. त्याचा पुरता गुण यायला काही दिवस जातात, म्हणून तो बहराच्या दोन आठवडे आधी सुरू करतात. मान किंचित पुढे, डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, टोक त्याच बाजूच्या कानाकडे. टोक मधल्या पडद्याकडे राहिलं तर रक्त येतं. जोरात हुंगलं तर औषध घशात उतरतं आणि तोंड कडू होतं. नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब मात्र तीन ते पाच दिवसांपलीकडे नकोत. पुढे त्यांच्यामुळेच नाक चोंदतं आणि माणूस बाटलीला बांधला जातो.

'दोन आठवडे आधी' म्हणजे कधी, हे सांगणारं पंचांग मात्र घरीच लिहावं लागतं. तारीख, त्रास शून्य ते तीन, वारा, पाऊस, रस्त्यावर काय फुललंय. दिवसाला एक ओळ पुरे. दोन वर्षांच्या ओळी शेजारी ठेवल्या की त्रासाचे आठवडे जवळजवळ त्याच ठिकाणी दिसतात. वावडं कशाचं ते त्वचेवर टोचून, फुगवटा येतो का पाहून ठरवतात; त्या चाचणीला जाताना हीच वही सोबत न्यावी. आणि ऍलर्जीच्या गोळ्या चाचणीआधी साधारण आठवडाभर, डॉक्टरांना विचारून, बंद ठेवाव्यात. पोटात गोळी असेल तर कशाचाच टोचा फुगत नाही आणि वावडं असूनही कागदावर 'काही नाही' असं येतं.