ओफाडाचा भात: पहिलं पाणी ओतून द्यायचं

लागोसहून इबादानच्या महामार्गाला लागलं की मोवेनंतर ओफाडा जवळच. नायजेरियाच्या ओगुन राज्यातलं हे छोटं गाव, पण त्याच्या नावाचा तांदूळ योरुबा लोकांच्या सगळ्या मुलुखात मानाचा. दाणा आखूड, जाडसर, अंगावर तांबूस कोंड्याच्या रेघा. तळहातावर घेतला तर आपला कोकणातला उकडाच वाटावा. नाकाशी नेला की फरक कळतो. ओफाडाला आंबूस, उग्र वास येतो.

हा वास मुरवणीतून येतो. साळ काही दिवस पाण्यात भिजत ठेवतात, त्यात ती आंबते; मग उकडून, वाळवून हलकेच भरडतात. उकड्यासाठीही साळ भिजवून उकडतातच, पण इथे भिजवणं लांबतं. वास आला म्हणून तांदूळ खराब समजू नका. आणि तो पुरता घालवायलाही जाऊ नका. थोडा राहिला तरच खाणाऱ्याला ओफाडा जेवल्यासारखं वाटतं.

बाजारात तो मापाने मिळतो. 'कोंगो' हे मोठं माप, 'देरिका' हे लहान. देरिका म्हणजे मुळात टोमॅटोच्या गराचा डबा. डबा रिकामा झाला आणि त्याचं माप झालं, जसं आपल्याकडे शेर नि पायली.

तांदूळ जमिनीवर वाळवलेला असेल तर त्यात खडे हमखास येतात, आणि ते दाण्याच्याच रंगाचे असल्याने निवडताना डोळ्याला सापडत नाहीत. तो रोळायलाच हवा. दोन खोलगट भांडी घ्या. एकात तांदूळ आणि भरपूर पाणी घालून भांडं गोल फिरवा, आणि पाण्याबरोबर वर येणारे दाणे दुसऱ्यात ओता. खडे तळाशी राहतात. शेवटचा चमचाभर तांदूळ हावरेपणाने ओतू नका, सगळे खडे त्यातच असतात. असं चार-पाच वेळा.

दोन कप तांदूळ भरपूर पाण्यात १० मिनिटं खळखळ उकळायचा. पाणी तपकिरी होतं आणि स्वयंपाकघर वासाने भरून जातं. हे पाणी ओतून द्यायचं, तांदूळ पुन्हा एकदा धुवायचा. मग ४ कप ताजं पाणी आणि मीठ घालून मंद आचेवर साधारण अर्धा तास. पाणी कमी पडलं तर गरमच घालावं. मध्ये ढवळलं की दाणे फुटून लगदा होतो, म्हणून डाव घालायचाच नाही. पाणी आटत आलं की झाकण घट्ट लावून अगदी बारीक आचेवर १० मिनिटं वाफ द्यायची.

याचा जोडीदार 'आयामासे', हिरव्या मिरच्यांचा रस्सा. सागामूच्या पुढचं इकेन्ने हे त्याचं गाव मानतात. चौघांसाठी ४ हिरव्या ढोबळ्या मिरच्या, ५ कच्च्या हिरव्या 'आता रोडो' मिरच्या (या फार जहाल, सवय नसेल तर दोनच घ्या) आणि १ कांदा जाडसर वाटा. वाटण कोरड्या पातेल्यात पाणी पूर्ण आटेपर्यंत शिजवा. इथे घाई केली तर तेलात घातल्यावर ते परतलं जात नाही, नुसतं उकळत राहतं आणि रस्सा आंबट-कच्चा लागतो.

तेल लालभडक पामतेलच हवं. एक कप तेल झाकण ठेवून मंद आचेवर १० ते १२ मिनिटं तापवतात. त्याचा लाल रंग जाऊन ते पिवळट होतं. आच बंद करून झाकण आणखी १० मिनिटं उघडायचं नाही. लगेच उघडलं तर धुराचा लोट तोंडावर येतो, आणि जास्त तापलेलं तेल पेटूही शकतं. खिडक्या उघड्या ठेवा, तेलाजवळून हलू नका. आपल्याकडच्या दुकानातलं पामतेल आधीच शुद्ध केलेलं, फिकट असतं. ते असं तापवण्यात अर्थ नाही, आणि त्याला लाल तेलाची चवही नाही.

त्या तेलात चिरलेला कांदा, मग २ चमचे 'इरू'. इरू म्हणजे एका शेंगेच्या बिया शिजवून, सोलून आंबवलेल्या. सुक्या मासळीची सवय असलेल्याला त्याचा वास परका वाटणार नाही. त्यावर मिरच्यांचं वाटण घालून तेल वर तरंगेपर्यंत १५ ते २० मिनिटं परता. शेवटी आधी शिजवलेली वजडी (इथली 'शाकी'), मटणाचं थोडं पाणी, सुकटीची चमचाभर पूड आणि अख्खी उकडलेली अंडी. मीठ सर्वांत शेवटी, चव घेऊनच, कारण मटणाच्या पाण्यात ते आधीच असतं.

भात वाढतात तो पानात. पान कर्दळीसारखं रुंद, योरुबात 'एवे एरान'. विस्तवावर क्षणभर फिरवलं की ते मऊ पडतं आणि दुमडताना चिरत नाही. गरम भात त्यात घट्ट बांधून पाच मिनिटं ठेवायचा. सोडताना आधी पानाचा हिरवा, ओलसर वास येतो आणि त्यामागून ओफाडाचा.