सकाळपर्यंत वाळतो का?

उष्ण, दमट देशात काही महिने राहायला निघालेली माणसं मला हमखास एकच विचारतात: कपडे किती न्यायचे आणि कुठले? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बहुतेकांनी मनात आधीच ठरवलेलं असतं की सुती न्यायचे, गार वाटतात. कोरड्या उन्हाळ्यात ते अगदी खरं आहे. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. दमट हवेत मात्र आधीच इतकी वाफ भरलेली असते की घाम वाळायचं नाव घेत नाही, नुसता निथळत राहतो. आणि जी हवा पाठीवरचा घाम वाळू देत नाही, ती दोरीवरचा शर्ट तरी कशी वाळू देईल? म्हणून कपड्याला माझी पहिली अट ही, की रात्री धुतला तर सकाळी घालता आला पाहिजे.

हे घरीच तपासून घ्या. संध्याकाळी कपडा धुवा, हाताने पिळा, दारं-खिडक्या लावून, पंखा न लावता खोलीत वाळत घाला. सकाळी हात लावून बघायचा तो कमरेच्या पट्टीला, काखेतल्या शिवणीला आणि खिशाच्या आत. बाकी कपडा वाळला तरी ओल तिथे दडून बसते. जीन्स इथेच बाद होते, जाड टीशर्टही. पातळ विणीचा, अस्तर नसलेला सुती सदरा मात्र बहुधा वाळलेला मिळतो. कापड कुठलं, याइतकंच ते किती जाड आहे हेही बघायला हवं.

तरी कापडाचा गुण असतोच. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत सूत आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी नुसत्या हवेतून ओढून घेतं, लिनन १२च्या आसपास, लोकर १६च्या आसपास आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून पॉलिस्टर भराभर वाळतं. पण घामाचा वास त्यात मुरतो आणि काही आठवड्यांनी धुऊनही पुरता जात नाही. रोजच्या वापराला मी ते घेत नाही. व्हिस्कोस, म्हणजे एक प्रकारचं रेयॉन, दुकानात हाताला फार मऊ लागतं, मात्र भिजलं की जड आणि कमकुवत होतं, रोजच्या पिळण्याने लवकर विरतं. माझी पसंती पातळ लिननला. धागा ताठ असल्यामुळे ते अंगाला चिकटत नाही, मधून हवा खेळते. सुरकुत्या पडतात, पडू द्या.

सैल, फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे सदरे आणि पूर्ण लांबीच्या विजारी न्या. उकडेल असं वाटतं खरं, पण ऊन थेट कातडीवर येत नाही, धार्मिक स्थळी खांदे-गुडघे झाकलेले असतात आणि डासांपासूनही बचाव होतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसाही चावतो आणि अंगाला चिकटलेल्या पातळ कापडातून त्याची सोंड सहज आत जाते. सैल कापडातून ते त्याला अवघड पडतं.

वरचे चार, खालचे तीन पुरतात. एक अंगात, एक दोरीवर, एक पिशवीत कोरडा आणि एक दिवसभर पाऊस लागला तर. आतले कपडे मात्र सहा-सात न्या आणि पैसे खर्च करायचे तर त्यांवरच करा. ओल्या शिवणी जांघेत घासून कातडी सोलवटली की चालणंच नको होतं. मांड्यांपर्यंत येणारी, पातळ, सपाट शिवणीची अंतर्वस्त्रं तो त्रास वाचवतात. वातानुकूलित बस आणि कार्यालयांसाठी एक हलकं जाकीट पुरे.

ओलसर कपडा घडी करून बॅगेत कधीच ठेवू नका. कुबट वास लगेच धरतो, मग बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत. सकाळी निघायचंच असेल तर रात्री धुतलेला कपडा कोरड्या पंचावर पसरा, दोन्ही मिळून गुंडाळी करा आणि ती घट्ट पिळा. बरंचसं पाणी पंचात उतरतं, उरलेल्या ओलीला मग पंख्याखालची रात्र पुरते.