तीन पानं जास्त

कादंबरी लिहून झाली तेव्हा ती ए-फोर आकाराची ११२ पानं होती आणि आता फक्त छापायचं बाकी आहे, अशी माझी समजूत होती. पेनड्राइव्ह घेऊन नारायण पेठेतल्या एका मुद्रकाकडे गेले. त्यांनी फाइल उघडली. मी वापरलेला फॉन्ट त्यांच्या संगणकावर नव्हता, म्हणून त्यानं आपल्या मनानं दुसराच घातला. ओळी सरकल्या, पानांचा आकडा बदलला आणि चौथ्या प्रकरणाचं शीर्षक एका पानाच्या तळाशी एकटंच लोंबकळत राहिलं. "ताई, डेमीत लावून पीडीएफ करून आणा. पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलसोबतच येतो," ते म्हणाले. हवं तर आम्ही लावून देऊ म्हणत त्यांनी रक्कमही सांगितली. ती ऐकल्यावर मी ठरवलं, घरीच लावायचं.

डेमी म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. कोथरूडला परत येऊन कपाटातल्या चार कादंबऱ्या काढल्या आणि शाळेतली फूटपट्टी लावली. कटिंगमुळे एखाददोन मिलिमीटर इकडेतिकडे, पण आकार तोच. नवीन कळलं ते समासाबद्दल. आजवर शेकडो पुस्तकं वाचली, पण शिवणीकडचा समास बाहेरच्यापेक्षा जास्त असतो हे कधी पाहिलंच नव्हतं. बांधणीत आतली बाजू गिळली जाते, म्हणून तो जास्त ठेवावा लागतो. मी आत २० मिलिमीटर ठेवले, बाहेर १५.

लिब्रेऑफिस रायटर हे लिहायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात मराठी नीट चालतं. पानाच्या स्टाइलमध्ये (म्हणजे एकदाच ठरवून ठेवलेल्या मांडणीत) 'मिरर्ड' निवडलं की डाव्या-उजव्या पानांचे समास आरशासारखे उलटतात. इथपर्यंत दहा मिनिटं लागली.

मग पानाचा आकार बदलला आणि सगळं कोसळलं. दोन वर्षं मी प्रत्येक परिच्छेदाआधी पाच वेळा स्पेस दिली होती, आणि प्रकरण संपलं की पुढचं पान येईपर्यंत एंटर दाबत बसले होते. आता त्या एंटरांची कुठे अर्धी पानं झाली, कुठे दीड. भाचा रविवारी जेवायला आला होता, त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "आत्या, हा टाइपरायटर नाहीये." एफ-११ दाबून त्यानं स्टाइलची पट्टी उघडून दिली. परिच्छेदाची एक स्टाइल, तिच्यातच पहिल्या ओळीआधीची मोकळी जागा. प्रकरणाच्या शीर्षकाची दुसरी, तिच्यात 'आधी नवं पान' आणि ते पानही उजवंच. एकदा लावलं की एकवीसही प्रकरणं आपापल्या जागी जाऊन बसतात. हे मला दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर! (भाचा म्हणतो, सांगितलं होतं.)

रिकाम्या ओळी काढायची युक्तीही त्यानंच दिली. शोधा-बदला मध्ये 'रेग्युलर एक्स्प्रेशन'ची, म्हणजे चिन्हांनी नमुना शोधायच्या सोयीची, खूण करायची, कॅरेट आणि डॉलर ही दोन चिन्हं (^$, म्हणजे कोरी ओळ) शोधायची आणि बदलायची जागा रिकामी ठेवायची. एका क्लिकमध्ये साडेआठशे कोऱ्या ओळी गेल्या. मी खूश होऊन चहा टाकायला उठले. दुसऱ्या दिवशी वाचताना दिसलं की सदाशिव पेठेतल्या वाड्यात आजी निरांजन लावते आणि पुढच्याच वाक्यात नात मुंबईच्या लोकलमध्ये उभी आहे. प्रसंग बदलताना मी सोडलेल्या ओळीही त्या साडेआठशेंतच होत्या. फाइल बंद करून झोपले होते, त्यामुळे 'अनडू' संपला होता, आणि जुनी प्रत ठेवायची अक्कल तेव्हा नव्हती. तीन दिवस कादंबरी पहिल्यापासून वाचत प्रसंग कुठे तुटतो ते शोधलं. दोन ठिकाणी मलाच कळेना. तिथं मी ओळ सोडली नाही, वाक्य बदललं.

फॉन्टानं वेगळाच घोळ घातला. स्टाइलमध्ये अक्षर १२ पॉइंट करत होते आणि पडद्यावर ढिम्म फरक पडत नव्हता. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. शेवटी सापडलं: रोमन अक्षरांचा फॉन्ट वेगळा, आणि देवनागरीचा 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या नावाखाली वेगळा. मी बदलत होते तो रोमन, आणि कादंबरीत रोमन अक्षर एकही नव्हतं. फॉन्ट 'टिरो देवनागरी मराठी' घेतला, कारण त्यात देठाचा श आणि पाकळीचा ल मिळतो. मराठी वर्णमालेबद्दलच्या २००९च्या शासननिर्णयातही हीच वळणं आहेत, पण खरं कारण म्हणजे माझ्या पाचवीच्या बाईंनी फळ्यावर असाच ल काढला होता.

ओळींतलं अंतर आधी १५ पॉइंट ठरवून दिलं. तेव्हा 'गर्दीं'वरचे रफार आणि अनुस्वार वरून छाटले गेले. आपल्या लिपीला वरही जागा लागते आणि खालीही. १८ वर नेलं तेव्हा अक्षरांना श्वास मिळाला.

सगळं लागलं तेव्हा २११ पानं झाली. पीडीएफ घेऊन पुन्हा नारायण पेठ. मुद्रकांनी आकडा पाहून कागदावर भागाकार केला. "सोळा पानं एकत्र छापतात, तो एक फॉर्म. तेरा फॉर्म म्हणजे २०८. तीन पानांसाठी आणखी अर्धा फॉर्म लावू का? मग पाच पानं कोरी जातील. नाहीतर तीन पानं मारा."

तीन पानं! घरी येऊन फाइल उघडली आणि मग लक्षात आलं, की नववं प्रकरण उजव्या पानावर फक्त तीन ओळींनी संपतंय. पुढचं प्रकरण उजवीकडेच सुरू करायचं, म्हणून डावं पान कोरं. म्हणजे त्या तीन ओळींची किंमत दोन पानं. चौदाव्याचंही तसंच, दोन ओळींसाठी.

नवव्याच्या शेवटी पाऊस पुन्हा सुरू होतो, असं काहीतरी मी लिहिलं होतं. तो पाऊस काढला. प्रकरण आता आजीच्या प्रश्नावर थांबतं. चौदाव्याचा शेवट काढवेना, म्हणून मधला एक संवाद छाटला. त्यात दोघं चहात साखर किती यावर बोलत होते. २०७ पानं झाली.

मुद्रकांनी विचारलं, "शेवटचं एक पान उरतंय. कोरं ठेवायचं की 'लेखिकेचा परिचय' टाकायचा?"

मी म्हटलं, कोरंच ठेवा.