टॉवेलचा दांडा

कमोडवरून उठताना टॉवेलचा दांडा स्क्रूसकट आईच्या हातात आला. नशीब, मी दारातच होतो.

दांडा नीट बघितला. मधे वीतभर जागा घासून चकचकीत, बाकी सगळा काळपट. किती दिवस याच्या आधाराने उठत होती ही?

घर केलं तेव्हा फॉल्स सीलिंगच्या दिव्यांवरून आम्ही आठवडाभर भांडलो होतो. बाथरूममध्ये धरायला काय, हे कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा.

दुपारी प्लंबरकडून जाड स्टीलचा ग्रॅब बार बसवून घेतला. आई झाकणावर बसली, तिचा हात पोचला तिथे पेन्सिलची खूण, मग ड्रिल.

"शी, दवाखान्यासारखं दिसतंय."

संध्याकाळी बघतो तर त्यावर तिचाच ओला पंचा.

तुमच्याकडे कोण काय धरून उठतं, बघितलंय कधी?