मोतमाउलीला पहिल्यांदा जाताय? मेणबत्त्यांचा 'सेट' घेऊ नका

बांद्र्याच्या मोतमाउलीला, म्हणजे माउंट मेरी चर्चला, जत्रेत जायचं ठरवलं असेल तर एक गोष्ट आधीच सांगतो. चर्चच्या आत कुणी एक रुपयाही मागत नाही. पास नाही, तिकीट नाही, दर्शनाची वेगळी रांग नाही. लुटतात ते बाहेर, आणि पहिल्यांदा आलेला माणूस त्यांना लांबूनच ओळखू येतो.

आईचा गुडघा बरा व्हावा म्हणून मावशीने नवस बोलला होता, तो फेडायला आम्ही घरचे गेलो. चर्चमध्ये त्याआधी कुणीच गेलेलं नव्हतं. जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. ८ तारीख हा येशूची आई मरिया हिचा जन्मदिवस. आम्ही गेलो नेमके रविवारी. तुम्ही रविवारी जाऊ नका.

बांद्रा स्टेशनवरून दहा मिनिटांत पोचाल, असं आम्हाला सांगितलं होतं. साफ चूक. अंतर दोन किलोमीटरच्या वर आहे आणि जत्रेत वरचे रस्ते गाड्यांना बंद असतात. रिक्षावाला मीटर टाकायला तयार नव्हता. त्याने मागितले तेवढे पैसे देऊनही हिल रोडवर मध्येच उतरावं लागलं, पुढे सगळी चाल. पश्चिमेला उतरा आणि जत्रेसाठी सोडलेली बेस्टची जादा बस पकडा, रिक्षाच्या नादी लागू नका. सप्टेंबरचा पाऊस असतोच; चढाला आणि पायऱ्यांवर निसरडं होतं, त्यामुळे तळ चांगले असलेली चप्पल किंवा बूट घाला. गर्दीत छत्री उघडता येत नाही, रेनकोट आणा.

खरा त्रास शेवटच्या चढावर. दोन्ही बाजूंना मेणाच्या वस्तूंची दुकानं: पाय, हात, डोळे, हृदय, घर, गाडी, तान्हं बाळ. ज्याचा जसा नवस तशी वस्तू. त्यात गैर काही नाही, कोळणींपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे श्रद्धेने घेतात. पण एका दुकानदाराने आईचा हातच धरला. नुसता पाय चालत नाही म्हणाला. जोडीला हात हवा, घर हवं, सात मेणबत्त्या, हार, असा सगळा सेट वाहिल्याशिवाय नवस पुरा होत नाही. आई घाबरली. देवाच्या दारात येऊन अर्धवट राहिलं तर काय, या धाकाने तिने मागितले तेवढे पैसे दिले. पुढच्या वळणावर तोच मेणाचा पाय आम्हाला निम्म्याहून कमी भावात दिसला. आजारी बाईच्या भीतीवर धंदा करणं मला अजून सहन होत नाही.

वर गेल्यावर तिथल्या एका स्वयंसेवक बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "एक मेणबत्ती लावली तरी चालते, नाही लावली तरी चालते. माउलीसमोर उभं राहिलात, झालं." तेव्हा तुम्हाला मेणाची वस्तू वाहायचीच असेल तर एकच घ्या, अगदी पहिल्या दुकानात घेऊ नका, भाव आधी ठरवा आणि हात धरणाऱ्याला ठामपणे नाही म्हणा. साधी मेणबत्ती घरून आणली तर उत्तम. ती चर्चच्या समोर, रस्त्यापलीकडे मरियेची मूर्ती आहे तिथे लावतात. पेटती घेऊन आत शिरू नका.

आता आतलं. चपला काढायच्या नाहीत. आम्ही दारात थबकलो, तर मागचे लोक सरळ बूट घालून आत गेले. टोपी मात्र काढा. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. दारापाशी पवित्र पाण्याचं भांडं असतं, लोक बोटं बुडवून कपाळ, छाती आणि खांद्यांना लावतात. तुम्ही नाही लावलं तरी कुणी काही म्हणत नाही. मोबाईल बंद.

मिस्सा, म्हणजे फादर चालवतात ती सामूहिक प्रार्थना, सुरू असेल तर मागच्या बाकांवर बसा. लोक उभे राहतात, बसतात, गुडघे टेकतात, पुन्हा उभे राहतात. पुढच्या ओळीकडे पाहून तसंच करत राहा. गुडघे दुखत असतील तर बसून राहा, आई बसूनच होती. मध्येच सगळे एकमेकांकडे वळून हात जोडतात, तेव्हा तुम्हीही नमस्कार करा. दानाची पिशवी फिरते, त्यात टाकणं सर्वस्वी ऐच्छिक. एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. शेवटाकडे लोक रांगेने पुढे जाऊन फादरांकडून पांढरी गोल पातळ भाकर घेतात. तो आपला देवळातला प्रसाद नव्हे. ज्यांनी कॅथलिक पंथाची दीक्षा आणि तयारी पूर्ण केली आहे त्यांच्यासाठीच तो विधी असतो. त्या रांगेत जाऊ नका, जागेवर बसून राहा. माझा धाकटा भाऊ निघालाच होता, शेजारच्या आजोबांनी त्याला हळूच खाली बसवलं आणि कानात कारण सांगितलं. रागावले अजिबात नाहीत.

वेगवेगळ्या भाषांतल्या मिस्सांच्या वेळा लावलेल्या असतात. मराठीची वेळ बघूनच जा, फार फरक पडतो. आपल्या भाषेत प्रार्थना ऐकताना आईच्या डोळ्यांत पाणी आलं. चढाचा सगळा संताप तिथे उतरला, हेही तितकंच खरं.

वेदीवरची मरियेची मूर्ती लाकडाची आहे, कडेवर बाळ येशू. ही मूर्ती पोर्तुगीज जेझुइटांनी (एका कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी) आणली आणि १७०० च्या सुमारास अरब चाच्यांनी तिचा उजवा हात तोडला, असं सांगतात. सध्याची इमारत १९०४ ची, ती बांधणारे वास्तुविशारद शापूरजी चंदाभॉय हे पारशी. १९५४ मध्ये चर्चला बॅसिलिकाचा, म्हणजे पोप देतात तो खास मानाचा, दर्जा मिळाला. रविवारच्या रेट्यात हे काही नीट पाहता येत नाही, मूर्तीसमोर दोन क्षण मिळतात आणि मागून धक्का येतो. फक्त चर्च बघायचं असेल तर जत्रा सोडून कुठल्याही साध्या दिवशी सकाळी जा.

वृद्ध माणूस बरोबर असेल तर जत्रेत नेऊच नका. नवस फेडायला वर्षभर मुभा असते. नेलंतच तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी सातच्या आत वर पोचा. पाणी बरोबर ठेवा, पाकीट पुढच्या खिशात. उतरताना आलेल्या वाटेने परत गर्दीत शिरू नका, समुद्रकाठच्या बँडस्टँडकडे उतरा. त्या बाजूला मोकळं वाटतं, बसायला जागा मिळते. कडियो बोडियो (जत्रेतला गोड खाऊ) आणि चणे हिल रोडच्या दुकानांवर घ्या, वर चढावर महाग आहेत.