साबणाला अंदाजपंचे चालत नाही

तेलाच्या पिशवीवर ठळक अक्षरात १ लिटर लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ९१० ग्रॅम. नवशिक्याचा पहिला साबण बहुतेक वेळा या दोन आकड्यांच्या मधेच बिघडतो. ५०० ग्रॅमच्या कृतीला मापाने ५०० मिली तेल घेतलं तर प्रत्यक्षात साधारण ४५५ ग्रॅमच पडतं. कॉस्टिक (तेलाचा साबण करणारा तीव्र क्षार, म्हणजे कॉस्टिक सोडा) मात्र ५०० ग्रॅमच्या हिशेबाने गेलेलं असतं. ते उरतं आणि साबण अंगाला चावतो. म्हणून वाटी, चमचा, कप हे सगळं बाजूला. साबणात पाणीसुद्धा मी काट्यावरच मोजते.

शिकायला मी एकच कृती धरली आणि ती हातात बसेपर्यंत बदलली नाही: खोबरेल १५० ग्रॅम, पोमेस ऑलिव्ह (ऑलिव्हच्या चोथ्यातून काढलेलं तेल) ३०० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम. प्रत्येक तेलाला साबण व्हायला लागणारं कॉस्टिक वेगळं. एका ग्रॅमला खोबरेल ०.१८३ ग्रॅम खातं, ऑलिव्ह ०.१३५, एरंडेल ०.१२८. गुणाकार करून बेरीज ७४.३५ येते. त्यातून पाच टक्के कमी करायचे, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि कातडी कोरडी पडत नाही. उत्तर ७०.६, मी ७० ग्रॅम घेते. पाणी त्याच्या दुप्पट, १४० ग्रॅम. खोबरेल फेस देतं, एरंडेल तो टिकवतं, ऑलिव्ह सौम्यपणा देतं. महागड्या एक्स्ट्रा व्हर्जिनची इथे काहीच गरज नाही. पोमेस स्वस्त असतं आणि लवकर घट्टही होतं. याहून छोटा घाणा करू नये, कारण एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ७० ग्रॅममधली एका ग्रॅमची चूक खपते, २० ग्रॅममधली नाही.

कॉस्टिक सोडा केमिकलच्या दुकानातून फ्लेक्सच्या रूपात घ्यावा. नाली साफ करायची पावडर नको, तिच्यात इतर भेसळ असते. पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली तर कॉस्टिक हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. गुठळ्या होतात, वजन तेवढंच दिसतं पण जोर कमी. अशा कॉस्टिकचा साबण मऊच राहतो. बोअरचं पाणी जड असेल तर क्षारांमुळे साबणाचा साका होतो, म्हणून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरते. (बॅटरीचं ॲसिड वेगळं. बाटलीवरचं नाव वाचूनच घ्या.)

भांडं स्टीलचं किंवा जाड पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचं. जर्मनचं पातेलं अजिबात नाही: ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. हातमोजे, गॉगल, पूर्ण बाह्या, खिडकी उघडी, पोरं आणि मांजर दुसऱ्या खोलीत. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही, नाहीतर उसळून अंगावर येतं. द्रावण ८० अंशांच्या वर तापतं आणि पहिला मिनिटभर झोंबणारी वाफ येते, तेव्हा तोंड बाजूला. थेंब उडालाच तर नळाखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचं, व्हिनेगर शोधत बसायचं नाही. डोळ्यात गेलं तर तसंच धुवायचं आणि लगेच डॉक्टर.

यापुढे नाशिकच्या हवेकडे बघावं लागतं. मे महिन्यात द्रावण उतरायलाच दोन तास लागतात, तेव्हा भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवते. जानेवारीत, निफाडचा पारा पेपरात झळकतो त्या दिवसांत, खोबरेल बाटलीतच गोठलेलं असतं. ते पूर्ण वितळवून, तेलं आणि द्रावण दोन्ही ३५ ते ४० अंशांवर आणून मगच एकत्र करायचं. गार मिश्रण घट्ट दिसतं खरं, पण तो साबण नसतो, गोठलेली चरबी असते. साच्यात गेल्यावर ती फाटते आणि खाली कॉस्टिकचं पाणी सुटतं.

हँड ब्लेंडर थोडा चालवा, थोडा बंद ठेवून त्याच्याच दांड्याने ढवळा. सलग चालवला तर हवा भरते. नुसत्या रवीने तासभर लागू शकतो. मिश्रण आधी कढीसारखं, मग इडलीच्या पिठासारखं होतं. ब्लेंडरवरून पडलेली धार वर क्षणभर रेघ ठेवून गेली की थांबायचं. सुगंध हवा तर गवती चहाचं तेल १० ग्रॅम, याच वेळी. खुली अत्तरं टाळा, काहींनी मिश्रण अर्ध्या मिनिटात दगड होतं.

नवशिक्याला मोह होतो तो फुलापानांचा. मोगल काळात गुलशनाबाद म्हटल्या गेलेल्या या गावात गुलाबपाकळ्या घालाव्याशा वाटणारच, पण कॉस्टिकमध्ये त्या काळपट तपकिरी होतात. हळद पिवळी राहत नाही, लालसर-केशरी होते. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की होतं तेच. द्राक्षबियांचं तेल ऐकायला छान, पण लवकर खवट होतं आणि महिन्या-दोन महिन्यांत वडीवर नारिंगी ठिपके येतात. करडई, सूर्यफुलाचं तसंच. दहा टक्क्यांवर मी जात नाही.

पाऊण लिटर पाणी मावेल एवढा साचा पुरतो, आत बटर पेपर. थंडीत वर गोधडी टाकते, नाहीतर मध्यभागीच उष्णता धरून वडीत गडद वर्तुळ उमटतं. उन्हाळ्यात पांघरूण नको. साबण जास्त तापला की वरून तडकतो. साधारण ४८ तासांनी कापायचा, बोट रुतत असेल तर आणखी एक दिवस. वर पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका, तो हवेशी संयोग होऊन बनलेला धुण्याचा सोडा, पुसून जातो. पण कापल्यावर आत पांढरे कडक खडे किंवा पाण्याचे खिसे दिसले तर कॉस्टिक नीट मिसळलेलं नाही. ती वडी अंगाला लावायची नाही.

वड्या जाळीवर, एकमेकींना न चिकटवता, सहा आठवडे ठेवते. चार आठवड्यांतही वापरता येतात, पण ऑलिव्ह जास्त असलेला साबण तेवढ्यात नरम असतो आणि ओल्या साबणदाणीत विरघळतो. जुलै-ऑगस्टमध्ये साबणातलं ग्लिसरीन ओल ओढून वड्यांना घाम आणतं, तेव्हा पंख्याखाली ठेवते. त्यातली एक वडी दर रविवारी काट्यावर ठेवते. लागोपाठ दोन रविवार वजन तेच आलं की घाणा तयार.